घोडी विकली, पोरगा बोलायचा थांबला

प्रश्न : मुलगा लातूरला नीटच्या रिपीटर बॅचला आहे. माळेगावच्या यात्रेत आम्ही म्हातारी घोडी विकली. त्याला नंतर कळलं. तेव्हापासून अभ्यास सोडलाय. म्हणतो, टाकून दिलेल्या घोड्यांसाठी काम करणार. लोक हसतात. त्याचं डोकं ठिकाणावर आणा.
– एक पालक, ता. लोहा, जि. नांदेड

उत्तर : भाऊ, मार्क किती पडले ते तुम्ही लिहिलंच नाही, लोक हसतात हे मात्र आवर्जून लिहिलंत. मला काळजी तिथेच वाटते. ज्या घोडीला त्याने वैरण-पाणी केलं, ती त्याला न सांगता विकली आणि वर पोरानं गप्प बसून बायोलॉजी वाचावं अशी अपेक्षा! घरात पैशाची अडचण असेल, मान्य. पण अडचण पोराला सांगता येते. हे त्याचं वेड नाही, तो तुमच्यावर रुसलाय. आधी त्याच्याशी बोला, आणि त्या दिवशी नीटचं नाव काढू नका.

आता त्याच्यासाठी. बाजारातून मरतुकडं घोडं विकत घेतलं की एक जीव वाचला, असं वाटतं. होतं उलटंच. व्यापाऱ्याच्या हातात पैसे पडतात आणि पुढच्या बाजारात तो तसलंच दुसरं जनावर उभं करतो. घोडं पंचवीस-तीस वर्षंही जगतं, तेवढा कडबा कोण पुरवणार? म्हणून चांगल्या संस्था जनावर बरं करून भरवशाच्या घरी देतात, नवी जनावरं घ्यायला जागा मोकळी ठेवतात. त्याहून जास्त काम मालकाच्या दारात असतं : वरातीच्या घोडीच्या पाठीवरची जखम, वीटभट्टीवरच्या घोड्याचे वाढलेले खूर, नालबंदाला नीट नाल मारायला शिकवणं. छळ असेल तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. आणि नुसती माया कामाची नाही. उपाशी घोड्याला दया येऊन पाटीभर हरभरा घातला तर ते दगावू शकतं. आधी थोडा थोडा चाराच द्यावा लागतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की रात्रभर जागावं लागतं. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग निघाला तर जनावर मारावंच लागतं, कारण तो माणसालाही होतो. हे त्याला झेपेल का, ते त्यालाच विचारा.

रस्ता म्हणाल तर परभणी आणि उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बी.व्ही.एस्सी., साडेपाच वर्षं, प्रवेश नीटच्याच मार्कांवर. म्हणजे लातूरची फी वाया जात नाही.

‘डॉक्टर म्हणजे माणसाचाच’ हा हट्ट तेवढा सोडा. ज्या गावात बैल आजारी पडला की जनावरांच्या डॉक्टरला चार-चार फोन जातात, तिथे कोण हसतं ते मला बघायचंय.

परीक्षा झाली की महिनाभर त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा. पू, शेण, मेलेलं वासरू, सगळं बघू दे. त्यानंतरही त्याला हेच करायचं असेल, तर अर्ज त्यालाच भरू द्या.