विचारा, सांगतो : शॉर्टवेव्हच्या छंदाला मासिक कोणतं लावावं?

मागच्या अंकात गच्चीवरच्या तारेच्या एरियलबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. पत्रं आली ती मात्र बहुतेक मासिकांबद्दल. म्हणून या महिन्याचं सदर त्यालाच दिलं. टीव्हीच्या डिश आणि मिक्सरच्या मोटारीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : अण्णा, राम राम. माझी केळीची बाग आहे. कृषिपंपाची लाईट रात्रीची असली की पाणी भरायला मळ्यात जातो, सोबत रेडिओ असतो. आतेभावाने दुबईहून आकडे दाखवणारा टेकसनचा सेट आणून दिला. रात्री चिनी, अरबी, मधूनच हिंदी लागतं. पण कोण बोलतंय, कुठून बोलतंय, पत्ता लागत नाही. वडील याच बँडवर बीबीसी हिंदी आणि सिलोन ऐकायचे. या छंदाची इंग्रजी मासिकं असतात असं ऐकलं. वर्षाला दोन-तीन हजार खर्च करीन. इंग्रजी बारावीपर्यंतचं आहे. कोणतं मासिक लावू? – एक शेतकरी, सावदा

उत्तर : राम राम भाऊ. आधी पैसे खिशात ठेवा, मग बोलू.

वडिलांची बीबीसी हिंदी शॉर्टवेव्हवर शोधू नका. ती ३१ जानेवारी २०२०ला बंद झाली. जी गत स्टेशनांची, तीच मासिकांची. कोणी जुना छंदवाला तुम्हाला 'मॉनिटरिंग टाइम्स'चं नाव सांगेल. अमेरिकेत १९८२पासून निघायचं, फार कामाचं मासिक, पण डिसेंबर २०१३च्या अंकानंतर थांबलं. 'पॉप्युलर कम्युनिकेशन्स' त्याच सुमाराला छापायचं बंद झालं. इंग्लंडचं 'शॉर्ट वेव्ह मॅगझिन' १९३७ ते २००५ चाललं. दर वर्षी निघणारं 'पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओ' २००९नंतर आलं नाही. म्हणून पहिली गोष्ट ही, की नाव ऐकून वर्गणी भरायची नाही. ताजा अंक कोणत्या महिन्याचा निघाला ते आधी बघायचं. एखादा दलाल बंद पडलेल्या मासिकाची वर्गणीही आनंदाने घेईल.

आता दुसरी गोष्ट. तुम्हाला मासिक कशाला हवंय? पत्रावरून दिसतं, की 'आता काय लागलंय' हे कळायला. त्या कामाला छापील मासिक निरुपयोगी आहे, आणि हे मी मासिकांचा शौकीन असून सांगतोय. शॉर्टवेव्हवरची स्टेशनं आपलं वेळापत्रक वर्षातून दोनदा पालटतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळी हंगामाला 'ए' आणि हिवाळीला 'बी' म्हणतात, पुढे सालाचा आकडा. मधल्या काळातही कोणी फ्रिक्वेन्सी सरकवतं, कोणी गाशा गुंडाळतं. परदेशातून पोस्टाने आलेला अंक तुमच्या हातात पडेपर्यंत त्यातली यादी रावेरच्या केळीच्या कालच्या भावासारखी झालेली असते. याद्या फुकट मिळतात आणि ताज्या मिळतात. मोबाइलवर ई-आय-बी-आय ही चार इंग्रजी अक्षरं टाकून पुढे शॉर्टवेव्ह लिहा. जर्मनीतल्या एका छंदवाल्याने चालवलेली यादी निघेल. ती वेळेनुसारही मिळते, फ्रिक्वेन्सीनुसारही. तुम्ही फ्रिक्वेन्सीनुसार लावलेली उतरवून घ्या. सेटवर ९ हजार कितीचा आकडा दिसला की यादीत तोच आकडा काढायचा, समोर देश, भाषा आणि वेळ मिळते.

वेळेचं गणित एकदा पाठ करून टाका. शॉर्टवेव्हच्या जगातली सगळी छपाई जागतिक प्रमाणवेळेत असते, आपण तिच्यापुढे साडेपाच तास. यादीत १४३० लिहिलं असेल तर मळ्यात रात्रीचे आठ. ०००० म्हणजे पहाटेचे साडेपाच, आणि तारीख त्यांची नुकती बदललेली. बारावीच्या इंग्रजीला यात काही अडत नाही.

मग मासिक कशाला वाचायचं? जे दर सहा महिन्यांनी पालटत नाही त्यासाठी. संध्याकाळ झाली की १६ आणि १९ मीटरचे वरचे बँड का मावळतात, आणि ३१, ४१, ४९ मीटरचे खालचे का उजळतात. सूर्यावरच्या डागांचं सुमारे ११ वर्षांचं चक्र चढतं असलं की वरचे बँड रात्री उशिरापर्यंत कसे उघडे राहतात. तार किती लांब ताणावी, सिग्नल फार जोराचा होऊन सेट गुदमरतो कधी. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचं स्टेशन आपल्या स्टेशनात घुसलं तर साइडबँड बदलून, म्हणजे सिग्नलची पलीकडची बाजू तेवढी ऐकून, ते कसं बाजूला काढायचं. हे १९८५चा लेख सांगतो तेवढंच आजचा सांगतो, आणि १९८५चा पुष्कळदा अधिक नीट सांगतो, कारण तेव्हा लिहिणाऱ्याला पानं मिळायची.

ते जुने अंक 'वर्ल्ड रेडिओ हिस्टरी' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. 'मॉनिटरिंग टाइम्स', 'पॉप्युलर कम्युनिकेशन्स', 'शॉर्ट वेव्ह मॅगझिन', सगळं फुकट. पहिलं वर्ष तेच वाचा. रोज एक लेख, पंप चालू असताना. वर्षभर टिकलात तर मग पैसे काढा.

आणि काढायचेच झाले तर कुठे? 'मॉनिटरिंग टाइम्स' थांबल्यावर त्यातल्याच लेखकाने, केन राइट्झ यांनी, जानेवारी २०१४पासून 'द स्पेक्ट्रम मॉनिटर' काढलं. कागद नाही, फक्त पीडीएफ. छान असतं, पण अमेरिकेच्या कानाने लिहिलेलं. 'आज रात्री काय ऐकाल' यात जे येतं ते अमेरिकेकडे तोंड केलेल्या एरियलवरून निघालेलं असतं, आणि त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ. सेटच्या परीक्षणाचंही तसंच. तिकडे मध्यम लहरीची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या पायरीवर बसतात, आपल्याकडे ९च्या. आपली जळगाव आकाशवाणी ९६३वर. १०ची पायरी लावून आलेल्या सेटवर बटण दाबत गेलात तर ९६०, मग थेट ९७०. जळगाव अध्येमध्ये राहून जाईल. असा सेट 'उत्तम' म्हणून वाखाणलेला असतो. आपल्याकडे आला की आधी सेटिंगमध्ये जाऊन पायरी बदलावी लागते, हे परीक्षण लिहिणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही. म्हणून कुठलंही मासिक हातात घेतलं की मी आधी लिहिणारा कुठे बसून ऐकतो ते बघतो.

मग वाचकांची नोंदपानं उघडतो. 'अमुक स्टेशन छान लागलं' असली पत्रं छापणारं मासिक मी परत ठेवतो. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, नेमकं काय ऐकू आलं आणि आवाज कसा होता, इतकं मागणारा संपादक असेल तर ते वाचण्यासारखं. या कसोटीला ब्रिटिश डीएक्स क्लबचं 'कम्युनिकेशन' हे पत्रक उतरतं (डीएक्स म्हणजे दूरची स्टेशनं पकडायचा छंद). क्लब १९७४चा, चालवणारे हौशी, चकचकीत कागद नाही, जाहिरातींचा भडिमार नाही. माझं मत विचाराल तर दुकानात विकल्या जाणाऱ्या मासिकापेक्षा क्लबचं पत्रक केव्हाही सरस. तिथे लिहिणाऱ्याला कोणाचा सेट खपवायचा नसतो.

'वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक'चं नाव घेतल्याशिवाय हे उत्तर पुरं व्हायचं नाही. १९४७पासूनचं जाडजूड वार्षिक, देशवार स्टेशनं, पत्ते, ताकद, सगळं. २०२२ची आवृत्ती शेवटची असं ब्रिटिश प्रकाशकाने जाहीर केलं, मग जर्मनीतल्या रेडिओ डेटा सेंटरने ते हाती घेतलं. पण तुमच्या दोन-तीन हजारांत हे मागवायच्या भानगडीत पडू नका. भुसावळ-जळगावात चार-पाच जण मिळून एखादी आवृत्ती घेतली तर गोष्ट वेगळी. यंदा पन्नास-साठ फूट तांब्याची तार, चांगले चार्जिंगचे सेल आणि एक दोनशे पानी वही घ्या. उरलेले शिल्लक टाका.

प्रश्न : आजोबांच्या लोखंडी पेटीत 'द इंडियन लिसनर'चे तीस-एक अंक निघाले, चाळीसच्या दशकातले. घरचे रद्दीत टाकायला निघालेत. यांचा काही उपयोग आहे का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : रद्दीवाल्याला दारातूनच परत पाठवा! त्या अंकांमागे मोठी वंशावळ आहे. १९२७च्या जुलैत मुंबईचं केंद्र सुरू झालं त्याच महिन्यात 'द इंडियन रेडिओ टाइम्स' निघालं. डिसेंबर १९३५मध्ये त्याचं 'द इंडियन लिसनर' झालं, म्हणजे 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडायच्या आधीच, आणि जानेवारी १९५८पासून 'आकाशवाणी'. तेव्हा रेडिओवाल्या माणसाचं पंचांगच ते. पंधरवड्याचे कार्यक्रम, केंद्रवार, तासावार. कोण गाणार, कोणत्या लहरीवर. परदेशी मासिकं आपल्याकडच्या श्रोत्याला विचारात घेत नाहीत म्हणून वर एवढी कुरकुर केली, तर हे पाहा, आपल्याकडच्या कानासाठीच काढलेलं नियतकालिक होतं.

चाळीसच्या दशकातले म्हणजे युद्ध, ऑगस्ट क्रांती आणि फाळणी यांतून गेलेले. १९४२चा ऑगस्ट आणि १९४७चा ऑगस्ट त्यात आहेत का ते आधी बघा. कार्यक्रमपत्रिकेत त्या आठवड्यांत काय छापलंय ते मला कळवा, पोस्टकार्डावर चालेल.

अंक आडवे, सपाट ठेवा, उभे नकोत. गंजलेल्या पिना हळूच काढा, कागद तिथूनच फाटतो. डिंकाची चिकटपट्टी लावू नका. कडुनिंबाचा पाला वाळवून, कापडाच्या पुरचुंडीत, कागदाला न लागेल असा. पानांचे फोटो दिवसाउजेडी सावलीत काढून घ्या. घरात ठेवायची सोय नसेल तर तुमच्या गावच्या ग्रंथालयात नाहीतर जळगावच्या वल्लभदास वालजी वाचनालयात जाऊन ग्रंथपालांशी बोला. देताना यादी करून तिच्यावर पोच घ्या.

प्रश्न : स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे 'पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओ' १९९८ आहे, तीनशे मागतो. घेऊ का? – एक विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : दीडशे म्हण, दोनशेवर घे. मागची फ्रिक्वेन्सीची पानं आता इतिहास आहेत. त्यातली निम्मी स्टेशनं शॉर्टवेव्हवर राहिलेली नाहीत. रेडिओ नेदरलँड्स २०१२ला गेलं, रेडिओ ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१७अखेर शॉर्टवेव्ह सोडली. पण पुढच्या भागातली सेटची परीक्षणं बावनकशी आहेत. सोनीचा एखादा जुना सेट तुला कधी जुन्या बाजारात भेटलाच, तर त्याची खोड आधीच माहीत असेल.

प्रश्न : सातपुड्यातल्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. मुलांना दूरचं स्टेशन ऐकायची फार गंमत वाटते. मराठीत या विषयाचं मासिक आहे का? – एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : ताई, फक्त याच छंदाला वाहिलेलं मराठी मासिक माझ्या टेबलावर कधी आलेलं नाही. दिल्लीचं 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' १९६९पासून निघतं, पण ते सर्किटवाल्यांचं. आठवी-नववीच्या पोरांना कधीमधी एखादा लेख वाचून दाखवायला ठीक.

तुम्ही शाळेचं भित्तिपत्रक काढा. जगाचा नकाशा, वर आठवड्याच्या नोंदी. पोरांनी आवाजाला गुण द्यायचे, आणि त्याला जगभर मान्य असलेली पाच आकड्यांची पद्धत आहे. सिग्नल, शेजारच्या स्टेशनचा त्रास, खरखर, आवाजाचं वरखाली होणं आणि एकूण, प्रत्येकाला एक ते पाच. पाच म्हणजे उत्तम. त्रासालाही पाच म्हणजे त्रास नाही, हे पोरांना दोनदा समजवावं लागतं. अशी नोंद पत्राने पाठवली की काही स्टेशनं पोच म्हणून चित्राचं कार्ड पाठवतात. रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल आणि जपानचं एनएचके यात उदार आहेत. शिवाय तुमचा भाग विजेच्या गोंगाटापासून लांब. जळगावातल्या फ्लॅटवाल्याला जे ऐकू येणार नाही ते तोरणमाळच्या बाजूच्या पोराला साध्या सेटवर येईल.

प्रश्न : आमचं शेत जंगलाला लागून. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावल्यापासून रेडिओत सेकंदा-सेकंदाला टक-टक येते. मासिकातल्या जाहिरातीत गोल लूप एरियल आहे, 'आवाज साफ' लिहिलंय. मागवू का? – एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : जाहिरात खोटी नाही, अर्धी आहे. लूप फिरवून एका दिशेने येणारा त्रास कापता येतो. तुमचं कुंपण शेताच्या चारही बाजूंनी असेल तर फिरवून फिरवून कुठे फिरवाल?

झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका तारेत सोडतं. तार नीट ताणलेली आणि कोरडी असेल तर टक-टक फार लांब जात नाही. मोठी होते ती ठिणगी पडते तिथे. गवत तारेला टेकलंय, चिनी मातीचा नाहीतर प्लास्टिकचा इन्सुलेटर तडकलाय, गाठ ढिली बसलीय. अशा ठिकाणी रानडुकराचा झटकाही कमी होतो, म्हणजे दुरुस्ती दोन्हीकडून फायद्याची.

शोधायला एरियल लागत नाही, साधा ट्रान्झिस्टर पुरे. मध्यम लहरीवर स्टेशन नसलेली जागा लावा, आवाज बारीक ठेवा आणि संध्याकाळी कुंपणाच्या कडेने, तारेपासून हातभर लांबून चाला. टक-टक जिथे अचानक चढते तिथे खूण करा. दुसऱ्या दिवशी मशीन बंद करून, बॅटरीची वायर काढून, मगच हात घाला. पावसाळ्यात गवत पुन्हा वाढतं, तेव्हा ही फेरी दर पंधरा दिवसांनी. एवढं करूनही टक-टक राहिली तर मला मशीन कोणत्या खांबाजवळ आहे, जमिनीत आर्थिंगची सळई किती खोल आहे, ते कागदावर काढून पाठवा.