कॉम्प्युटरने दाखवलेले २० टक्के आणि आईची गोळी

प्रश्न: माझी आई ६२ वर्षांची आहे. मधुमेह आहे, बीपीची गोळी चालू आहे. कराडच्या डॉक्टरांनी तिची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली, दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येण्याची शक्यता २० टक्के दाखवली आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. हजारो अनोळखी पेशंटच्या नोंदींवरून मशीनने माझ्या आईचा उपचार ठरवणं बरोबर आहे का?

उत्तर: डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, एवढं आधी सांगते. बाकीचं सावकाश वाचा.

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवते. पीजी करणाऱ्या डॉक्टरांच्या थिसिसची आकडेमोड मिरजेत गेली सोळा वर्षं माझ्या टेबलावर होते. केसपेपरांचे गठ्ठे, डिस्चार्ज कार्डं, आयसीयूचे चार्ट, आणि हल्ली त्यांवर चालवलेली मशीन लर्निंगची मॉडेलं. तुमच्या प्रश्नातल्या ‘ठरवणं’ या शब्दापाशी मी थांबले. जुन्या नोंदींना दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. ‘या बाईंचं पुढे काय होईल?’ हा एक. ‘यांना गोळी दिली तर काय होईल, नाही दिली तर काय होईल?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर यंत्र चांगलं देऊ शकतं. दुसऱ्याचंही ते तितक्याच ठामपणे देतं, पण तिथे साफ चुकलेलं असू शकतं. आणि उपचार तर दुसऱ्या प्रश्नावरच ठरतो.

हे पुस्तकातून मला माहीत होतं, पण अंगावर आलं ते एका थिसिसमुळे. आपल्याकडे तासगाव, कवठेमहांकाळ हा द्राक्षबागांचा पट्टा. फवारणीची औषधं घरात नाहीतर गोठ्यात ठेवलेली असतात. त्यातल्या ऑर्गॅनोफॉस्फरस औषधांची विषबाधा झालेले पेशंट मिरजेला आणतात. वॉर्डात सगळे ‘ओपी पॉयझनिंग’ म्हणतात. त्यावर ॲट्रोपिन देतात. त्याचा डोस आधीपासून बांधलेला नसतो. छातीतली घरघर थांबेपर्यंत, नाडी आणि बीपी वर येईपर्यंत तो वाढवत न्यायचा. माझ्या एका विद्यार्थ्याने जुन्या केसपेपरांवरून ‘कोण दगावेल’ हे सांगणारं मॉडेल बांधलं. ते छान चालत होतं. मग त्याने पाहिलं, मॉडेल कोणत्या रकान्याला जास्त वजन देतंय. सगळ्यात वर ॲट्रोपिन. जितकं जास्त ॲट्रोपिन, तितके जास्त मृत्यू. रात्री अकराला त्याचा फोन आला. ‘मॅडम, आपण जास्त डोस देऊन माणसं घालवतोय का?’ आवाज कापत होता त्याचा.

तसं काही नव्हतं. ज्याच्या अंगात विष जास्त भिनलंय, ज्याला आणायला उशीर झालाय, त्याची घरघर लवकर थांबत नाही, म्हणून त्याला ॲट्रोपिन जास्त लागतं. आणि दगावण्याची भीतीही त्यालाच जास्त. किती विष गेलं हे केसपेपरवर नसतंच. नातेवाईक ‘थोडंसं’ म्हणतात, लिहिणाराही ‘थोडंसं’ लिहितो. ड्युटीवरच्या डॉक्टरला पेशंट बघून जे कळलं ते डोसात उतरलं, कागदावर नाही. यंत्रापुढे फक्त कागद होता. कोण दगावेल हे ते बरोबर ओळखत होतं. पण त्याच मॉडेलवरून कुणी ‘ॲट्रोपिन कमी द्या’ असा निष्कर्ष काढला असता, तर वाचणारे पेशंट गेले असते.

अमेरिकेत १९९०च्या दशकात पिट्सबर्गच्या संशोधकांना न्यूमोनियाच्या नोंदींत हेच भेटलं. दमेकरी न्यूमोनियाने कमी दगावतात, असं यंत्र शिकलं. खरं कारण असं की दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट आयसीयूत घेत. ही गोष्ट लक्षात आली, म्हणून त्यांनी ते न्यूरल नेटवर्क (नोंदींतून शिकणाऱ्या यंत्राचाच एक प्रकार) पेशंटवर वापरलं नाही.

माझ्या वर्गात पहिल्या तासाला मी मुतखड्याचे आकडे फळ्यावर लिहिते. मुतखडा आपल्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९८६ साली इंग्लंडमध्ये एक अभ्यास छापून आला. मोठी चीर देऊन केलेल्या उघड्या शस्त्रक्रियेत ३५० पैकी २७३ जण बरे, म्हणजे ७८ टक्के. पाठीतून छोटं भोक पाडून दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेत ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. दुर्बीण जिंकली, असं वाटतं ना? आता खडे लहान आणि मोठे असे वेगळे करा. लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१, दुर्बीण २७० पैकी २३४. म्हणजे ९३ विरुद्ध ८७. मोठ्या खड्यांत उघडी २६३ पैकी १९२, दुर्बीण ८० पैकी ५५. म्हणजे ७३ विरुद्ध ६९. दोन्हीकडे उघडीच पुढे. डॉक्टरांनी अवघड, मोठे खडे जास्त करून उघड्या शस्त्रक्रियेला पाठवले होते, म्हणून बेरजेत ती मागे पडली. खड्याचा आकार हा एक रकाना नोंदीत नसता, तर लाखो पेशंटची माहिती ओतूनही यंत्राने उलटाच सल्ला दिला असता. (आता तंत्र पार बदललंय, त्यामुळे यावरून कुणी आज शस्त्रक्रिया निवडू नका. जुन्या नोंदी शिळ्या होतात, हेही यातच आलं.)

आता तुमच्या आईकडे येते, कारण त्यांच्या बाबतीत चित्र बरंच बरं आहे. २० टक्के हा आकडा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. गोळीचा उपयोग किती, हे मात्र त्या कॅल्क्युलेटरने जुन्या केसपेपरांतून काढलेलं नाही. ते आलंय अशा चाचण्यांमधून, जिथे कुणाला गोळी द्यायची हे डॉक्टरच्या मनावर न सोडता चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं गेलं. चिठ्ठीला पेशंटचा चेहरा दिसत नाही, म्हणून ॲट्रोपिनसारखी फसगत तिथे होत नाही. स्टॅटिन गटाच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांच्या २६ चाचण्या, त्यांतले सुमारे १,७०,००० लोक, यांचे आकडे एकत्र करून २०१० साली निष्कर्ष छापला गेला: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. २० चा पाचवा भाग ४. म्हणजे तुमच्या आईसारख्या शंभर जणींनी गोळी घेतली, तर वीसऐवजी सोळा जणींना त्रास होईल. चौघी वाचतील. त्या चौघी कोण, हे आज सांगता येत नाही. हे चार तुमच्या घराला मोठे वाटतात की छोटे, ते तुम्ही आणि आईंनी डॉक्टरांसमोर बसून बोलायचं. माझं मत विचाराल तर मोठे आहेत. शिवाय मधुमेह असलेल्या ४० ते ७५ वयाच्या माणसाला स्टॅटिन द्यावं असं मधुमेहाच्या प्रमुख मार्गदर्शक सूचनांतच आहे. कॉम्प्युटर नसता तरी डॉक्टरांनी बहुधा हीच गोळी लिहिली असती.

तुम्ही ‘अनोळखी पेशंट’ म्हणालात, तो मुद्दा मात्र खरा आहे. अशा कॅल्क्युलेटरांचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाचा अभ्यास. १९४८ साली सुरू झाला, ५,२०९ स्त्री-पुरुष, जवळजवळ सगळे गोरे. त्यांचं गणित आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही; आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. ब्रिटनमध्ये २००८ साली क्यूरिस्क-२ नावाचं कॅल्क्युलेटर आलं, त्यात भारतीय वंशाच्या माणसासाठी वेगळा हिशोब धरला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगाच्या २१ विभागांसाठी वेगवेगळे तक्ते काढले, दक्षिण आशियासाठीही. डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘हे कॅल्क्युलेटर कोणत्या लोकांवरून बनवलंय?’ या प्रश्नाने चांगला डॉक्टर रागावत नाही.

मग आपल्याच नोंदींवरून आपलं यंत्र का बनवू नये? बनवायलाच हवं, मी त्यासाठीच राबते. पण आपल्या नोंदी आधी नीट व्हायला हव्यात. वयाचा रकाना पाहिला की ४५, ५०, ५५, ६० यांचे ढीग दिसतात, मधली वयं ओस; म्हणजे वय अंदाजाने लिहिलेलं. आणि ‘डामा’. दवाखान्यातल्या माणसाला हा शब्द लगेच कळेल: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज. जतचा किंवा सीमेपलीकडच्या अथणीचा पेशंट, पैसे संपलेले, आशा संपलेली, नातेवाईक म्हणतात, आता घरी नेतो. तो वाटेतच दगावतो, किंवा दोन दिवसांनी घरी दगावतो. आमच्या फाइलीत मात्र ‘डिस्चार्ज’. यंत्र त्याला जिवंत धरतं. सगळ्यात गंभीर पेशंट अशा रीतीने वाचलेल्यांत जमा होतात. म्हणून माझ्या मुलांना मी डामाच्या प्रत्येक पेशंटच्या घरी फोन करायला लावते. आठवड्यानंतर करायचा, महिन्यानंतर करायचा. फार जड जातं त्यांना ते. पण त्याशिवाय मी आकड्यांवर सही करत नाही.

जिथे उत्तर समोरच्या चित्रातच असतं, तिथे यंत्राला माझा विरोध सौम्य आहे. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षं व त्यापुढच्या वयासाठी वापरण्याची शिफारस केली, आणि रेडिओलॉजिस्ट नसलेल्या तालुक्यात त्याचा उपयोग आहे. तरी पुढची थुंकीची तपासणी होतेच.

आता कराडला परत जाल तेव्हा मधुमेह कधीपासून आहे ते सांगा. आईच्या आईवडिलांना किंवा भावंडांना साठीच्या आत हार्ट अटॅक आला असेल तर तेही सांगा; काही कॅल्क्युलेटरांत तो रकानाच नसतो, आणि डॉक्टरांना मात्र तो हवा असतो. मशेरीची सवय असेल तर संकोच न करता बोला, बायका हे सांगत नाहीत. गोळी सुरू झाल्यापासून मांड्या-पोटऱ्या खूप दुखत असतील तर लगेच कळवा, डोस किंवा गोळी बदलता येते. आणि एक ते तीन महिन्यांत एलडीएल पुन्हा तपासायला सांगतील, तेव्हा मागच्याच लॅबमध्ये करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.