जुनी एमएक्स-५ घेताना आधी गंज पाहावा

ब्रिटनमध्ये पहिली स्पोर्ट्‌स कार म्हणून १९८९ ते १९९७ या काळातली माझदा एमएक्स-५ घ्यायचे ठरवले असेल, तर उत्तमच. मात्र इंजिनाच्या आवाजावर भाळण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे. कापडी छतावरचे पाणी आसनांमागील दोन छिद्रांतून खाली जाते आणि ती छिद्रे पानाकचऱ्याने तुंबली, की पाणी दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत साचून पत्रा आतून खाऊ लागते. म्हणून मागच्या चाकांपुढचा भाग दाबून पाहावा, तेथे लोहचुंबक चिकटतो का ते पाहावे आणि एवढ्याच भागावर ताजा रंग दिसल्यास संशय घ्यावा. छत फाटलेले असणे त्यामानाने किरकोळ.

पाहण्यापूर्वी एवढे करावे:

- गाडीच्या क्रमांकावरून एमओटीचा, म्हणजे ब्रिटनमधील गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य वाचावा. गंजाचे शेरे तेथेच सापडतात.
- आपण येईपर्यंत इंजिन सुरू न करता थंडच ठेवण्यास विक्रेत्याला सांगावे.
- टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) बदलल्याची पावती मागावी.

नवखे ग्राहक बहुधा कमी धावलेली गाडी शोधतात. माझ्या मते भरपूर धावलेली, पण गंज नसलेली गाडी केव्हाही बरी. इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो बसवण्याचा किंवा सस्पेन्शनमधील बदलांचा विचार वर्षभर तरी करू नये.