साध्या धनुष्याने ससा मिळतो का?

प्रश्न: दादा, माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो, तो लायसन्स काढून लाकडी धनुष्याने सशाची शिकार शिकतोय. एवढा चपळ प्राणी बाणाने खरंच मिळतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: मिळतो हो, पण नेमापेक्षा जवळ जाता येणं महत्त्वाचं. भाच्याला इशीबद्दल नक्की सांगा. ‘याही’ नावाच्या अमेरिकन आदिवासी जमातीतला हा शेवटचा माणूस, १९११ मध्ये तिथल्याच ओरोव्हिल गावाजवळ एकटा सापडला, अन् पुढे त्याच्यावर उपचार करणारे डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्यबाण शिकले, म्हणून त्याची पद्धत आज आपल्याला कळते. धनुष्य जेमतेम साडेतीन फुटी, जुनिपरच्या लाकडाचं, पाठीवर प्राण्याच्या स्नायूंचे धागे चिकटवलेले. सशावर बाण सोडायचा तो दहा-वीस यार्डांवरून, लांबून नाहीच! आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की तो आडोशाला बसून बोटं ओठांना लावून मुका घेतल्यासारखा बारीक आवाज काढायचा, संकटात सापडलेल्या सशासारखा, आणि ससे आपणहून पुढे यायचे. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला, वाचताना अजून गलबलतं.

भाच्याने आधी दहा यार्डांवर रोज सराव करावा, खात्री नसेल तर बाण सोडूच नये, जखमी ससा झुडपात जाऊन तडफडतो. तिथले सीझनचे नियमही बघावेत. आणि सुट्टीत साताऱ्याला आला तर फक्त टार्गेटवर, कारण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, मग बंदूक असो की बाण.