फारोचं मन देवानेच कठीण केलं, मग त्याचा दोष काय?

प्रश्न: बायबलच्या निर्गम पुस्तकात लिहिलंय की परमेश्वराने मिसरच्या (इजिप्तच्या) राजाचं, फारोचं मन कठीण केलं. मग शिक्षा त्याला का? हे मला अन्यायाचं वाटतं.

उत्तर: प्रश्न अगदी रास्त आहे, आणि इस्राएली लोकांना फारोच्या गुलामीतून सोडवायला पाठवलेल्या मोशेला देवाने हे आधीच सांगून ठेवलं होतं (४:२१, म्हणजे अध्याय ४, वचन २१) त्यामुळे हा प्रश्न पूर्ण सुटत नाही हे मान्य. पण ७ ते १२ अध्याय सलग वाचा, क्रम बघा. देवाने मिसरवर पाठवलेल्या पीडांपैकी पहिल्या पाचांमध्ये, म्हणजे रक्त, बेडूक, उवा, गोमाशा, गुरांची मरी, फारो स्वतःच अडून बसतो. बेडकांच्या वेळी तर तो मोशेला म्हणतो प्रार्थना कर, बेडूक जाऊ देत, मी लोकांना सोडतो, आणि जरा सुटका झाली की लगेच शब्द फिरवतो. परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं असं थेट येतं ते सहाव्या पीडेत, गळवांच्या वेळी (९:१२). आणि तरी गारा थांबल्यावर पुन्हा तोच आपलं मन कठीण करतो (९:३४)!

मला सगळ्यात जास्त हलवतं ते १०:७. त्याचे स्वतःचे सेवक त्याला विनवतात की या लोकांना जाऊ दे, मिसर देश उद्ध्वस्त झालाय हे तुला अजून कळत नाही का. फारोच्या जादूगारांनीही उवांच्या वेळीच हात टेकले होते, यात देवाचं बोट आहे म्हणाले. म्हणजे दरबारात सगळ्यांना दिसत होतं, फक्त सिंहासनावरच्या माणसाला नाही, आणि त्याच्या हट्टापायी शेवटच्या पीडेत, मिसरमधली पहिली मुलं मेली तेव्हा, दासीच्या घरातलं पहिलं लेकरूही गेलं. मला खरा अन्याय तिथे दिसतो.