पार्टिशन सरकवताना लाइट गेली आणि ड्राइव्ह आता 'रॉ' (विंडोजला न ओळखता येणारा) दिसतोय. डेटा परत मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या साधनानं एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम, म्हणजे फायली साठवायची पद्धत) पार्टिशन डावीकडे सरकवत होतात, अर्ध्यावर लाइट गेली आणि आता विंडोज फॉरमॅट करायचं का विचारतंय. डेटा बराचसा परत मिळण्याची शक्यता चांगली आहे. फक्त आत्ता त्या डिस्कवर एकही अक्षर लिहिलं जाऊ देऊ नका.

फॉरमॅट तर नकोच, चेकडिस्कही (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) नको. चेकडिस्क फाइल सिस्टीमचा हिशेब जुळवतं, त्यापायी तुमच्या फायली गेल्या तरी त्याला चालतं. अर्धवट सरकलेल्या नोंदी त्याला बिघडलेल्या वाटतात आणि ते त्या छाटून टाकतं. सरकवण्याचं काम पहिल्यापासून पुन्हा चालवणं त्याहून घातक, कारण जागेवर पोहोचलेला डेटाच पुसला जाईल. डिस्क एसएसडी असेल तर फॉरमॅटबरोबर ट्रिमची (ही जागा आता मोकळी समजा, असं डिस्कला सांगणारी) आज्ञा जाते, आणि त्यानंतर सहसा काही हाती लागत नाही.

आधी तितकीच किंवा मोठी दुसरी डिस्क मिळवा. लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून बूट करून डीडीरेस्क्यू या नक्कल काढणाऱ्या साधनानं संपूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत, एका फाइलमध्ये) घ्या, नुसत्या पार्टिशनची नको. पुढचं सगळं त्या इमेजवरच.

नुसता पार्टिशन टेबल (पार्टिशनांच्या हद्दींची यादी) बिघडला असता तर टेस्टडिस्क या साधनानं काम भागलं असतं. जीपीटी या प्रकारच्या टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, एनटीएफएसच्या बूट सेक्टरची (पार्टिशनची माहिती ठेवणारा पहिला सेक्टर; सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा ठरावीक तुकडा) प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते, आणि टेस्टडिस्क अशा खुणांवरून हद्दी शोधून काढतं. तुमच्याकडे मात्र डेटाच दोन ठिकाणी विभागलाय, म्हणून टेबल दुरुस्त करून भागणार नाही.

डावीकडे सरकवताना कॉपी सुरुवातीपासून क्रमानं होते. म्हणजे लाइट गेली त्या बिंदूपर्यंतचा डेटा नव्या जागी नीट बसलाय आणि उरलेला जुन्याच जागी शाबूत आहे. समजा पार्टिशन ५० जीबी सरकवायचं होतं आणि कॉपी त्याच्या बरीच पुढे गेली होती. मग कॉपी जिथे थांबली त्या सांध्याच्या अलीकडचे ५० जीबी आणि पलीकडचे ५० जीबी हुबेहूब सारखे असतील! प्रत्येक सेक्टर ५० जीबी पुढच्या सेक्टरशी ताडून पाहा. सलग जुळणारा लांबलचक पट्टा सापडला की तो संपतो तिथेच सांधा. (रिकामी, शून्यांनी भरलेली जागाही जुळते, तिला फसू नका.) सांधा थोडा अलीकडे धरला तरी बिघडत नाही, कारण त्या पट्ट्यातला डेटा दोन्हीकडे आहे. मग एका नव्या फाइलमध्ये सांध्यापर्यंतचा भाग नव्या जागेवरून घ्यायचा आणि तिथून पुढचा जुन्या जागेवरून, म्हणजे इमेजमधला ५० जीबी सोडून पुढचा. तयार झालेली फाइल फक्त-वाचन पद्धतीनं माउंट करा, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडा. फोल्डर, नावं, सगळं जसंच्या तसं दिसायला हवं.

किती सरकवायचं होतं ते नक्की आठवत नसेल तर नव्या सुरुवातीचा बूट सेक्टर पार्टिशनचा आकार सांगतो आणि जुन्या शेवटची त्याची प्रत शेवट कुठे होता ते. त्यावरून जुनी सुरुवात निघते. इथे अंदाज चालत नाही, एका सेक्टरचा फरकही महागात पडतो.

फोटोरेक हे फायली परत मिळवायचं साधन अगदी शेवटी वापरा. ते फायली त्यांच्या आतल्या खुणांवरून ओळखतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात आणि तुकड्यांत साठवलेल्या मोठ्या फायली बहुधा खराब निघतात.

इमेज झाली की जुन्या आणि नव्या सुरुवातीचे सेक्टर क्रमांक इथे लिहा, जोडणीची नेमकी आज्ञा मी लिहून देतो.