डायनाफ्लोमध्ये इंजिन ओरडले म्हणजे क्लच घसरतोच असे नाही

आपल्या १९५७ च्या ब्यूइकबद्दल आपण लिहिले आहे की, चोर्ला घाटात अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबताच इंजिनाचा आवाज एकदम चढतो, वेग मागाहून वाढतो, आणि मडगावचा मेकॅनिक क्लच घसरतो म्हणून गिअरबॉक्स उतरवायला सांगतो. माझ्या मते ही घाई करू नये, कारण हे बहुतांशी त्या गाडीच्या डायनाफ्लो या ब्यूइकच्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या मूळ रचनेतच आहे.

इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेला इंपेलर तेल फेकतो, त्या तेलाने चाकांच्या बाजूची टर्बाईन फिरते, आणि टर्बाईनमधून उलट्या दिशेने परतणारे तेल मधला स्टेटर वळवून पुन्हा इंपेलरच्या फिरण्याच्या दिशेने सोडतो. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो तो या वळवण्यामुळे. टर्बाईन रोखून धरली असता इंजिन जितके फिरू शकते तो स्टॉलचा वेग. सामान्य कन्व्हर्टरमध्ये स्टेटरची पाती एकाच कोनात पक्की असल्यामुळे हा वेग बदलता येत नाही. ब्यूइकने १९५५ पासून डायनाफ्लोच्या स्टेटरची पाती विमानाच्या पंख्याप्रमाणे फिरती केली. एरवी तेल मोकळे वाहते आणि घसर कमी राहते. पेडल तळाला पोचले की लिंकेजची, म्हणजे पेडल आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या सांध्यांची, दांडी तेलाची झडप सरकवते, तेलाच्या दाबाने पाती अधिक आडवी होतात, इंजिन वरच्या फेऱ्यांवर जाते आणि टॉर्कही अधिक पटीने वाढतो. त्यातच ‘ड्राइव्ह’मध्ये हा गिअरबॉक्स गिअर बदलतच नाही, त्यामुळे आवाज एकाच पट्टीत टिकतो आणि गाडी मागून त्याला गाठते. आजच्या गाड्यांची सवय झालेल्या कानाला ते घसरणेच वाटणार.

तपासणीची सुरुवात लिंकेजपासून करावी. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबावे आणि दुसऱ्याने झडपेचा दांडा शेवटपर्यंत जातो व पेडल सोडताच मोकळेपणाने परततो का ते पाहावे; आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तिथल्या पिना गंजून अडकतात. दांडा अपुरा गेला तर चढाला ताकद मिळत नाही, आणि वरच्या कोनात अडकला तर हलक्या पेडललाही इंजिन उगाच फिरते, तेल तापते, पेट्रोल जाते. (पाती फिरवणारा विजेचा सोलेनॉइड आणि त्याचा स्विच शोधत बसू नये, ती व्यवस्था पुढच्या, १९६५ ते १९६७ च्या सुपर टर्बाईन ४०० या गिअरबॉक्समधली आहे.)

लिंकेज ठीक असूनही ‘लो’मध्ये गाडी नीट ओढते, ‘ड्राइव्ह’मध्ये नुसते इंजिन फिरते, आणि तेल काळपट होऊन त्याला जळका वास येतो, असे आढळले तरच मेकॅनिकचे म्हणणे ग्राह्य धरून क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा.